रंगाचा दोष नव्हता

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तू, तुझ्या घरची बाईसाहेब आणि माझी चिमणी भाची, तिघंही खुशाल असाल असं धरून लिहायला बसले आहे. मी ठीक आहे.

पत्र बघून दचकला असशील. फोन असताना ताईला हे काय सुचलं, असं म्हणशील. पण फोनवर तू "हो ताई, बरं ताई, ठेवतो ताई" यापलीकडे जात नाहीस, आणि तेही उचललास तर. पत्राचं बरं असतं, मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं.

तू पाठवलेलं जमीन झाडायचं यंत्र पोचलं. दरवर्षी आपल्या ऑपरेशनची तारीख आली की तुझं खोकं येतं, हे आता कुरियरवाल्यालाही पाठ झालंय. आधी शाल आली, मग मिक्सर, मग पाय दाबायचं यंत्र, आणि आता ही गोल चकती. ती दिवसभर घरभर फिरते आणि खुर्चीखाली अडकली की किंचाळते. खालचा टायरवाला विचारत होता, "ताई, पाहुणे आलेत का? आवाज येतात." मी हो म्हणून टाकलं. बारक्या, मी तुला एक किडनी दिली होती, तू मला अख्खं दुकान उघडून देतो आहेस. आता पुरे कर. दोन खोल्यांचं घर आहे माझं, नाकापेक्षा मोती जड व्हायला लागलाय.

लॅबमधली एक गंमत सांगते. तुझा विश्वास बसणार नाही, पण डिसेंबरात मी चक्क भांडले, आणि हरले.

तुला माझं काम कधी नीट कळलं नाही. तू काचा बसवतोस, त्या निदान दिसतात तरी. माझं काम म्हणजे लोकांच्या लघवीत गळून आलेल्या पेशी स्लाइडवर पसरायच्या, रंगवायच्या, आणि त्यात कुणी वाईट चालीची आहे का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. चांगल्या पेशीचं केंद्रक फिकं, शांत दिसतं. वाईट पेशीचं केंद्रक मोठं, वेडंवाकडं आणि कोळशासारखं काळं. सगळा खेळ रंगावर आहे. म्हणून रंगाची नवी बाटली उघडली की आधी ती एखाद्या धडधाकट माणसाच्या सॅम्पलवर लावून बघायची, मग पेशंटच्या. त्या धडधाकट सॅम्पलला आम्ही कंट्रोल म्हणतो. आणि आमच्या लॅबमध्ये कंट्रोलचा मान कितीतरी वर्षं माझा आहे. सगळ्यांच्या आधी येते, चहा पिते आणि बाटली भरून ठेवते. डॉक्टरीण बाई म्हणतात, "ताईंसारखं स्वच्छ सॅम्पल शहरात नाही." एखाद्या बाईला आयुष्यात कशाकशाचा गर्व असतो, मला याचा होता.

तर नवीन रंग आला. कंट्रोलला लावला, तर केंद्रकं काळीकुट्ट. मी रंगवाल्याला फोन केला. हा आमचा रंगवाला म्हणजे अगदी पापभीरू माणूस, उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नसेल. म्हणाला, "ताई, पुढची बॅच देतो." ती आली, तीही काळी. मी त्याला समोर उभं करून झापलं. "रंग विकता की डांबर?" म्हटलं. तो बिचारा नवी बाटली घेऊन आला, माझ्यासमोर उघडली. पुन्हा तेच! मग मी रंगाची सगळी भांडी घासली, नळाचं पाणी बदललं, रंगात बुडवायची वेळ निम्म्यावर आणली. पेशंटच्या स्लाइड त्याच रंगात चांगल्या येत होत्या, हे मला दिसत होतं. पण माझं सॅम्पल म्हणजे माझं सॅम्पल. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसली गत.

शेवटी डॉक्टरीण बाईंनी आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला बाटली भरायला लावली. ती लाजून लाल झाली, पण भरली. तिची स्लाइड आणि माझी स्लाइड एकाच जाळीत, एकाच रंगात, एकाच वेळी बुडवल्या. रंग अगदी उत्तम निघाला. रंगवाल्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे हो ताई, होतं असं."

तर ही गंमत.

बाकी विशेष काही नाही. थंडी कमी होते आहे. पुढच्या वर्षी या सुमारास मी निवृत्त झालेली असेन, मग दिवसभर त्या चकतीशी भांडायला मोकळी.

हो, एक राहिलं. तू एकदा लघवीतल्या पेशींची तपासणी करून घे, आणि पोटाचा स्कॅनही. असंच. माझ्यासारखी बहीण लॅबमध्ये असून भावाची ही तपासणी कधी झाली नाही, हे बरं दिसत नाही. सकाळची पहिली लघवी देऊ नकोस, रात्रभर साठून त्यातल्या पेशी सडतात. दुसऱ्या वेळची दे. विसरू नकोस.

आणि आई पाठीसाठी ती मुळांची पूड द्यायची ना आपल्याला, कडू जहर, तिचं नाव तुला आठवतं का? मला आठवत नाही. सहज विचारलं.

भाचीला आत्याकडून गोड पापा.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. "ताई माझं सगळं ओके. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. तू टेन्शन घेऊ नको." खाली एक अंगठा. मी चार पानं लिहिली आणि तू अंगठा दाखवलास. लहानपणी चिडवताना दाखवायचास तोच.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मागच्या पत्रात मी भांडं लपवलं.

रिसेप्शनवरच्या मुलीची स्लाइड स्वच्छ आली आणि माझी काळी, तेव्हा डॉक्टरीण बाईंनी दार लावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "बसा ताई." मी कधी त्यांच्यासमोर बसत नाही, उभ्यानेच बोलते. पेशंटला वाईट बातमी सांगायची असली की त्या आधी बसायला सांगतात, हे मला इतकी वर्षं दिसत होतं. तरी मी बसले आणि विचारलं, "मग रंगाचं काय करायचं?" त्या म्हणाल्या, "रंगाचा दोष नाही हो."

आमच्याकडे दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप आहे, दोघांना एकच स्लाइड एकाच वेळी बघता येते. शिकवायला वापरतात. मी म्हटलं, दाखवा. त्या नको म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही. आम्ही दोघींनी मिळून माझ्या पेशी पाहिल्या. मोठ्या, वेड्यावाकड्या, काळ्या. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर मी एका नजरेत ओळखल्या असत्या आणि रिपोर्टावर लाल खूण करून पुढे गेले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसले होते मी. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला एकदम वाटलं की तो हात त्यांनी काढू नये. मला शेवटचं कुणी कधी हात लावला होता, ते आठवेना.

पुढचं थोडक्यात लिहिते. आधी मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिलं. ते स्वच्छ निघालं. म्हणजे पेशी वरून येतायत. वर म्हणजे किडनीच्या आत लघवी जिथे गोळा होते ते नरसाळं, आणि तिथून खाली येणारी नळी. हा आजार तिथे असला की सापडायला त्रासाचा. बाहेरून कळत नाही, दुखतही नाही. इतरांच्या बाबतीत तर डावीकडून की उजवीकडून हेही शोधावं लागतं. दोन्ही बाजूंचं पाणी वेगळं काढून वेगळ्या बाटल्यांत भरायचं. माझ्या वेळी नर्सने बाटलीवर लिहायला पेन काढलं आणि विचारलं, "डावी की उजवी?" मी म्हटलं, "जी आहे ती."

तिला काही कळलं नाही. सर्जन मात्र हसले आणि लगेच गंभीर झाले.

शिरेतून औषध देऊन स्कॅन केला. त्या औषधाने नरसाळं पांढरं भरून येतं. माझं भरलं, पण एका कोपऱ्यात नखाएवढी जागा भरलीच नाही. मग भूल देऊन खालून बारीक दुर्बीण पार वरपर्यंत नेली आणि तिथला तुकडा काढला. चिमटा इतका लहान की तुकडा मोहरीएवढाही येत नाही. गाठ वाईट जातीची आहे हे त्यात कळलं. किती खोल गेली आहे, ते एवढ्याशा तुकड्यात कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच सर्जननी विचारलं, "कधी कुठली जडीबुटी, मुळं, पूड असलं काही घेतलं होतंत?" मी आधी नाही म्हटलं, आणि मग जिन्यात आईची पूड आठवली तशी परत वर गेले.

म्हणून मी तुला ते नाव विचारत होते. आई ज्या माणसाकडून पुड्या आणायची, तो तर कधीचाच नाहीसा झाला. सर्जन म्हणाले, काही मुळांत असं विष असतं की ते किडन्या हळूहळू वाळवतं, आणि खूप वर्षांनी त्याच नरसाळ्यात, त्याच नळीत गाठी उगवतात. खात्रीने कुणी सांगू शकत नाही, पुडी आता हातात नाही. पण तू आठव. मला ती कडू लागली म्हणून मी वर्षभरात बंद केली. तू काचा उचलून उचलून पाठ धरून यायचास आणि आईने दिली की मुकाट घ्यायचास, कितीतरी वर्षं. तुझ्या किडन्या का गेल्या, तेव्हा कुणालाच सांगता आलं नव्हतं.

आता नीट वाच. माझी किडनी तुझ्यात बसवली तेव्हा तुझ्या जुन्या दोन काढल्या नव्हत्या. सहसा काढत नाहीत. त्या तिथेच आहेत, मागे, वाळलेल्या, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. तुझं रक्त दर तीन महिन्यांनी चांगलं येतं, कारण रक्ताचं काम माझी करते. जुन्या दोघींचं रक्तात काही कळायचं नाही. आणि किडनी टिकावी म्हणून तू ज्या गोळ्या घेतोस, त्यांनी शरीराचा पहारा ढिला पडतो. माझ्यात एवढ्याशा पुडीने हे उगवलं, तर तुझ्यात काय असेल? म्हणून तपासणी कर म्हणते आहे. लघवीत काही सापडलं नाही तरी स्कॅन कर, कारण गाठ असून लघवी स्वच्छ येते, असंही होतं. तुझ्या डॉक्टरांना हे पत्र दाखव. लाजू नकोस.

माझी काळजी करू नकोस. काहीतरी उपचार करतीलच. एका किडनीवर माणूस छान जगतो, हे मला तेव्हाही सगळ्यांनी सांगितलं होतं.

तुझी,
ताई


११ मार्च

वेड्या,

आशीर्वाद नंतर. आधी तुझा कान पिळते.

काल बाईसाहेबांचा फोन आला. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही रागावू नका, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुमचं पत्र हे खिशात घेऊन फिरत होते. काल कामावर जातो म्हणून निघाले आणि किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना म्हणाले, ताईची किडनी काढा आणि तिला परत द्या. मी डायलिसिसच्या मशीनवर राहीन, मला सवय आहे."

मी विचारलं, "मग डॉक्टर काय म्हणाले?"

ती म्हणाली, "त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, पाणी पिता का थोडं?"

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. दोघी फोनवर हसत सुटलो आणि मग ती रडायला लागली, आणि मीही. फोन ठेवल्यावर मी तशीच ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसले. बारक्या, तू म्हणजे अजब आहेस. शेजाऱ्याकडून मागून आणलेली शिडी आहे का ती, काम झालं की नेऊन द्यायला?

डॉक्टरांनी तुला सांगितलंच असेल, तरी मी सांगते. ती आता माझी राहिलेली नाही. तुझ्या रक्तावर इतकी वर्षं वाढली आहे. आणि कॅन्सर असलेल्या माणसाला कुणी किडनी बसवत नाही, स्वतःचीसुद्धा नाही. आधी मला बरी होऊन काही वर्षं काढावी लागतील, मग बघतील. तेव्हा ते दुकान बंद.

पण मी तुला खरं सांगणार आहे, कारण तू खरं वागलास.

स्कॅनचा निकाल कळला त्या दिवशी मी बसस्टॉपवर बसले होते आणि माझ्या मनात तुझाच विचार आला. चांगला नाही. मला ती परत हवी होती. दोन असत्या तर सर्जन म्हणाले असते, ही काढून टाकू, दुसरी आहे की. आठवड्यात मी घरी आले असते. एक बस गेली, दुसरी गेली, मी उठलेच नाही. मला तुझा इतका राग आला होता की मी तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. बरं झालं. उचलला असतास तर मी काय बोलले असते, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो राग पुरला. पूर्ण गेला असं म्हणणार नाही, अजूनही मधूनच उठतो. तू देवाजवळ ठेवलेली बहीण मी नाही, हे तुला कळायला हवं.

म्हणून तर काल हसू आलं. मला ती परत हवी होती आणि तू ती परत द्यायला निघालास. एका आईची मुलं आपण, अक्कलही एकाच मापाची मिळाली.

आता मी मागच्या पत्रात जे गाळलं ते. "काहीतरी उपचार करतील" असं लिहिलं होतं. सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे दुर्बिणीतून लेझरने गाठ जाळायची, किडनी ठेवायची, आणि दर थोड्या महिन्यांनी पुन्हा आत जाऊन बघत राहायचं. यात गाठ निसटून शरीरभर जायची भीती. दुसरी म्हणजे किडनी आणि नळी पूर्ण काढून टाकायची. मग मशीन, आठवड्यातून तीनदा. ते म्हणाले, घाई नाही, पण फार उशीरही नको. मी दुसरी वाट घेतली. ताई, असं का करता, म्हणून डॉक्टरीण बाईंनी मला पुष्कळ समजावलं. पण मी जन्मभर या पेशी बघत आले आहे. असल्या पेशी एका जागी थांबत नाहीत. रंगाला दोष देऊन एक महिना घालवला, आता लेझरवर भरवसा ठेवून दुसरा घालवायचा नाही.

भीती वाटते. गाठीची वाटते त्यापेक्षा मशीनची जास्त. तू त्या खुर्चीत होतास तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसून तुला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आणि मला वाटायचं की मला सगळं कळतंय. आता वाटतं, काही कळत नव्हतं. सुई टोचताना कुठे बघायचं? तहान लागली आणि पाणी प्यायचं नसलं की तू काय करायचास? घरी आल्यावर इतका गळून का जायचास, आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला कसा जायचास? हे मी कुणाला विचारू? लॅबमध्ये सगळे मला ताई म्हणतात, ताई म्हणणाऱ्यांना तोटा नाही. पण यातलं कुणाला काही माहीत नाही. तुला माहीत आहे.

तू का येत नाहीस, तेही मला माहीत आहे. आई गेली तेव्हा आलास, दोन दिवस राहिलास. माझ्यासमोर तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. पाणी प्यायचं तरी आधी माझ्याकडे बघायचास, परवानगी मागितल्यासारखा. मला वाटलं, निवळेल. मग येणं थांबलं आणि खोकी यायला लागली. मी ती घेत राहिले. परत पाठवली तर तू दुखावशील, असं वाटायचं.

मी तुला किडनी दिली ती उपकार म्हणून नाही रे. तू मेला असतास तर मला भांडायला कुणी उरलं नसतं. अगदी स्वतःपुरता विचार होता माझा. त्या एका किडनीवाचून माझं इतकी वर्षं काही अडलं नाही. तुझ्यावाचून मात्र रोज अडलं. संध्याकाळी कुलूप उघडून आत आलं की आधी वाटतं कुणीतरी आहे, मग लक्षात येतं की नाही. हे मी तुला कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

आईबद्दल एक. बाईसाहेब म्हणाली, तू आईचा फोटो उतरवून ठेवलास. तो परत लाव. तिने पुडी आणली ती तुझी पाठ दुखते म्हणून, उन्हातून चालत जाऊन आणली. तिला काय ठाऊक? डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ती हे न कळताच गेली याचं मला बरं वाटतं, आणि तिच्यावर रागवायला मला जमत नाही. तुलाही जमायचं नाही, उगाच प्रयत्न करू नकोस.

आणि आता खरा कान पिळते. बाईसाहेब म्हणाली, स्कॅन अजून केलेला नाही! अख्खी किडनी काढून द्यायला निघालास आणि एक बाटली भरायला तुला वेळ नाही? काय म्हणावं तुला? घाबरला आहेस, हे कळतं मला. माहीत नसलं की आजार नसतो, असं वाटतं. मला विचार. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही रंगवाल्याला झापत बसले होते. तुझ्यात काही असलंच, तर त्या वाळलेल्या दोन काढून टाकता येतील. तुझं काही अडणार नाही, काम करणारी वेगळीच आहे. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. तुझ्या बाबतीत आहे. तुझ्याकडे मी आयुष्यात काही मागितलं नाही, आता मागते आहे. तू वाचलास तर माझी एक तरी चालती राहील.

माझं ऑपरेशन बावीस तारखेला आहे. तू वीसला ये. मी आमच्या स्कॅनवाल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे, ते एकवीसला सकाळी तुला घेतील. तुझे सगळे जुने कागद घेऊन ये आणि गोळ्या विसरू नकोस. स्कॅन झाला की तू मला दवाखान्यात भरती कर. जेवायला बाहेरून मागवू, मला स्वयंपाकाला सांगू नकोस. भांडायचं असेल तर वीसच्या संध्याकाळी भांडून घेऊ.

मागच्या ऑपरेशनला आपण दोघंही आत होतो आणि आई बाहेर, दोन खोल्यांच्या मध्ये. शुद्धीवर आले तेव्हा नर्सने मला विचारलं होतं, "बरोबर कोण आहे तुमच्या?" भूल उतरताना हे विचारतातच, माणूस भानावर आलाय का ते बघायला. मी म्हणाले होते, आई आहे. या खेपेलाही विचारतील. गेले काही दिवस लॅबमधून घरी येताना मी ते उत्तर मनात म्हणून बघते. भूल असली तरी जीभ अडखळायला नको म्हणून.

"भाऊ आहे. बाहेर बसलाय."

बारक्या, मला खोटं पाडू नकोस.

तुझी वाट बघणारी,
ताई